दहावी उरकून निघावं की आधीच? कॅनडाला निघालेल्या नाशिककर दादांना

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. पीआर (कॅनडात कायम राहण्याची परवानगी) आलाय, मुलगा गंगापूर रोडवरच्या शाळेत नववीत आहे, दहावी करून निघावं की आधीच, आणि तिकडची हायस्कूलं कॉपी, शिस्त याबाबतीत फार कडक असतात का, असं तुम्ही विचारलंय. फंड, बँक, सिन नंबर (नोकरी-करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) हे सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी शिरत नाही. आम्ही इंदिरानगरचे, आता टोरांटोच्या बाजूला. आमचा मुलगा तिथली आठवी करून इथे नववीत बसला.

कॉपी म्हटलं की आपल्याला चिठ्ठ्या आणि भरारी पथक आठवतं. ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, बोर्डाची परीक्षाच नाही, तर पथक कुठून येणार! इथे प्रत्येक विषयाचे ७० टक्के गुण वर्गात चाललेल्या कामाचे आणि ३० टक्के शेवटच्या मूल्यमापनाचे. आपल्याकडे ८० ची लेखी आणि २० अंतर्गत, आणि ते २० कसे पडतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागच्या बॅचच्या कुणाची तरी प्रयोगवही आणायची, आकृत्यांसकट उतरवायची, सरांनी सही ठोकायची. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. इथे नेमका तोच गुन्हा.

आमच्यावर आली ती मात्र उतरवण्यावरून नाही, पाठांतरावरून. सायन्सला परिसंस्थेवर दोन पानं लिहायची होती. पोरानं वर्गातलंच पुस्तक घेतलं, दोन दिवस येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ केलं आणि पुस्तक मिटून लिहून काढलं. नाशिकला याच गोष्टीवर बाई वहीत ‘छान’ लिहायच्या. इथे टर्नइटिनमध्ये, म्हणजे उतरवलेला मजकूर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उतारेच्या उतारे रंगून आले आणि आम्हाला शाळेत बोलावणं आलं.

छोटी खोली, टेबलावर टिश्यूचा डबा, समोर व्हाइस प्रिन्सिपल आणि सायन्सच्या मॅडम. दोघीही इतक्या गोड बोलत होत्या की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अवतरणचिन्हं नाहीत, स्रोत दिलेला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आमचे हे म्हणाले, त्यानं चोरलेलं नाही, त्याला येतंय, विचारून बघा. आणि पोरानं खरंच सुरुवात केली. हात मागे बांधून, वर्गात उभं राहून म्हणायचा तसा. तिसऱ्या वाक्याला व्हाइस प्रिन्सिपलनी हात वर केला, याची गरज नाही म्हणाल्या.

काम पुन्हा लिहायला दिलं, त्याचे गुणही मिळाले. पण रिपोर्ट कार्डावर गुणांशिवाय सहा सवयींचे शेरे असतात : जबाबदारी, नीटनेटकेपणा, स्वतःचं काम स्वतः करणं वगैरे. ई, जी, एस, एन या अक्षरांत देतात, एन म्हणजे सुधारणा हवी. त्या सत्रात जबाबदारीपुढे एन आला. ज्या पोराचा गृहपाठ कधी राहिला नाही, त्याच्यापुढे! नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर नाव द्यावं, बरोबरच आहे. पण त्यानं म्हणायला सुरुवात केली होती, ते निदान ऐकून तरी घ्यायचं. तो आता बारावीत आहे, विषय काढला की ‘आई, सोड ना’ म्हणतो. माझ्याकडून ते सुटत नाही. तेव्हापासून घरात मोठ्यानं पाठ करणं बंद झालं, आणि शांत घरात मला ते फार जाणवतं.

असो. एक गोष्ट मला नंतर कळली, ती आधीच सांगते. प्रांताचं मूल्यमापनाचं धोरण २०१० चं आहे. त्यात म्हटलंय की वाङ्मयचौर्याचे परिणाम ठरवताना इयत्ता, मुलाची समज, आधी किती वेळा घडलंय आणि त्याची वैयक्तिक परिस्थिती हे सगळं बघायचं. नुकतं देश बदलून आलेलं मूल ही परिस्थितीच की. बोलावणं आलंच तर माना डोलावत बसू नका, हे विचारा.

मुलाला आतापासून एक सवय लावा : सगळं लेखन गुगल डॉक्समध्ये, पहिल्या ओळीपासून. त्यात कधी काय लिहिलं याचा इतिहास राहतो, आणि हल्ली तोच पुरावा. कारण आता एआयचा संशय. टर्नइटिननं एप्रिल २०२३ पासून एआय ओळखायची सोय दिली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून जास्त निबंध चुकून एआयचे ठरले. आपल्या पोरांचं इंग्रजी तसंच असतं, पुस्तकी, सरळ. आणि मित्राला फाइल पाठवायची नाही. देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात, दोस्ती वगैरे कुणी विचारत नाही.

शिस्तीचं थोडक्यात. वर्गात शिक्षकांनी सांगितल्याशिवाय फोन नाही. मारामारी सोडाच, चेष्टेत ‘जीव घेईन’ म्हटलेलंही धमकी म्हणून धरू शकतात. सस्पेन्शन १ ते २० शाळेच्या दिवसांचं असतं, पत्र घरी येतं आणि अपील १० शाळेच्या दिवसांत करावं लागतं. पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका.

सस्पेन्शनवरून आठवलं, लसींच्या नोंदी नसल्या तरी मुलाला शाळेतून काढून घरी बसवतात! आमच्याकडे लहानपणीचं कार्ड होतं, पण त्यावर डॉक्टरांचं अक्षर आणि शिक्का असा की गोवर कुठला आणि धनुर्वात कुठला ते देवालाच माहीत. फोटो पाठव, पुन्हा पाठव, फोनवर ताटकळ. शेवटी भावाला नाशिकच्या दवाखान्यात जुन्या नोंदी काढायला बसवलं. तुम्ही निघायच्या आधीच लेटरहेडवर, टाइप करून, तारखांसकट इंग्रजीत घ्या. बारीक काम आहे, पण तिथे असताना एका दुपारचं, इथून महिन्याचं.

दहावीआधी की नंतर? माझं मत, आधी. इथली विद्यापीठं मुख्यतः बारावीच्या सहा विषयांची सरासरी बघतात, काही ठिकाणी लवकर ऑफर देताना अकरावीचेही गुण बघतात. नववी-दहावीचं कुणी फारसं विचारत नाही. अशा एखाद्या चुकीपायी पहिला शून्य कधीतरी पडणारच, तो या दोन वर्षांत पडलेला परवडतो. दहावी करून आलात तर पोरगा थेट अकरावीत बसेल आणि हे सगळं शिकायला त्याच्याकडे वेळ नसेल. नातेवाईक म्हणतील, बोर्डाचं सर्टिफिकेट हातात असू द्या. त्यांना म्हणू द्या.

एकटेपणाचं वहिनींनी विचारलंय. येतो, फेब्रुवारीत जास्त. मराठी मंडळात जा, गणपतीला तरी. त्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षीच्या क्लासची फी मात्र अजून भरू नका. ते लोक परत देत नाहीत.