अडुळशापासून सुरुवात कर

घरी औषधी झाडं लावायची म्हणून एकदम दहा कुंड्या आणू नकोस. आधी एक अडुळसा लाव. पावसाळ्यात वीतभर फांदी खोचली तरी जगते, आणि कडू पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. कफ सुटत नसेल तर दोन-तीन पिकली पानं वाफवून रस काढ, चमचाभर मधातून घे. याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध तयार झालं, म्हणजे आजी उगाच सांगत नव्हती! पण गरोदर बाईला अजिबात देऊ नकोस. याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही नको. खोकला दोन आठवड्यांवर गेला, की रस-काढे बाजूला ठेव आणि थुंकी तपासून घे. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.