किनाऱ्यावरून माकुल: आधी पाणी बघा, आणि परवानगीच्या नादी लागू नका

तुम्ही लिहिलंत की माकुलासाठी (स्क्विडसाठी) पौर्णिमेला बँडस्टँडच्या खडकांवरून तीन नंबरची एगी, म्हणजे माकुल धरायचं कोळंबीसारखं नकली आमिष, टाकली, काहीच लागलं नाही, मग जेट्टीवर गेलात तर वॉचमनने "परवानगी आणा" म्हणून हाकललं. तुमचं हे वाचून माझे जुने दिवस आठवले.

रॉड, रील, गाठी याबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला येतंय. अडचण पाण्याची आहे. माकुल डोळ्यांनी शिकार करतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात आपल्याकडचं पाणी तळापासून ढवळून चहासारखं होतं. अष्टमीनंतरच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, ओढ कमी असते, गाळ खाली बसतो. तेव्हा जा, तेही हिवाळ्यात. आणि गुलाबी की केशरी यावर डोकं शिणवू नका, बहुतेक माकुलांना रंग ओळखता येत नाहीत, उजेड-अंधाराचा फरक तेवढा कळतो. झटका दिल्यावर एगी निवांत बुडू द्या. बहुतेक वेळा ते बुडतानाच धरतं. काट्यांना उलटं टोक नसतं, म्हणून दोरी सैल पडली की गेलं. ड्रॅग (ओढ बसल्यावर रील दोरी सोडतं तो ताण) मात्र हलका ठेवा, नाहीतर हातात नुसती सोंड येते.

आता परवानगी. मी एका कार्यालयात साधा प्रश्न विचारला होता: अमुक जेट्टीवर हौशी माणसाने गळ टाकला तर चालतो का? अर्ज द्या म्हणाले. दिला. मग "जागा आमची, पाणी आमचं नाही." पाणीवाल्यांनी सांगितलं, बोटीचा नंबर लिहा. अहो, बोटच नाही, मी काठावर उभा राहणार! "मग रकाना रिकामा राहतो, अर्ज अपूर्ण." अख्खा हिवाळा या फेऱ्यांत गेला. लेखी उत्तर आलं ते पावसाळ्याच्या तोंडावर: विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. यात आवक-जावक शिक्के मात्र चार!

माझं मत, पटलं तर घ्या: जेट्टीचा नाद सोडा. २००८ नंतर तिथला पहारा कडक झालाय, त्यात वॉचमनचा दोष नाही. जिथे मनाईचा बोर्ड आहे तिथे जाऊ नकाच, मी काही कायद्याचा जाणकार नाही. मोकळ्या खडकांवर जा, आणि आधी जवळच्या कोळीवाड्यात सकाळी जाळी शिवत बसलेल्या काकांना विचारा. पाणी कुठे निवळतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांची जाळी लागलेली असतील तिथे टाकू नका, एवढं पाळा.

अपेक्षाही बेताची ठेवा. ससून डॉकला पाट्या भरभरून दिसतं ते माकुल ट्रॉलरचं, खोल पाण्यातलं. काठावरून दोन मिळाली तरी खूश व्हायचं. आणि पहिलं वर काढताना त्याचं तोंड समुद्राकडे ठेवा, शाईचा डाग शर्टवरून सहज जात नाही.

तुम्ही राहता कुठे? मढ-मार्वे बाजूला असाल तर भांगाच्या तिथी बघून कळवा.