पप्पा न सांगता निघून गेले तेव्हा…

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांतून माणसं सैन्यात आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. या वेळची पत्रं अशाच घरांतून आलेली आहेत.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. यांची सुट्टी संपली, पहाटेच्या गाडीला निघाले. तो रडेल म्हणून उठवलं नाही. सकाळी 'पप्पा दुकानात गेलेत' असं सांगितलं. तेव्हापासून मी बाथरूमला गेले तरी दाराशी येऊन बसतो, रात्री झोपत नाही. अंथरूणही पुन्हा ओलं करायला लागलाय.

ताई, झोपताना पप्पा शेजारी होते आणि जाग आल्यावर नव्हते, एवढंच त्याला कळलंय. डोळा लागला की माणूस नाहीसा होतो, असा त्याने अर्थ लावला. आता तुम्हीही जाल या धास्तीने तो पहारा देतोय. त्यात दुकानात गेलेले पप्पा अजून आलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या शब्दाचाही त्याला भरवसा उरलेला नाही. तो आधी परत मिळवायचा.

पप्पांना फोनवर त्याला स्वतः सांगू द्या : "मी तुला न उठवता निघालो, ते चुकलं. पुढच्या वेळी नक्की उठवीन." आणि पुढच्या वेळी पहाटेचे तीन वाजले असले तरी उठवा. बॅगेची चेन त्याला लावू द्या, फाटकापर्यंत बॅग ढकलू द्या. तो रडेल, तुम्हालाही रडू येईल. येऊ द्या. पप्पा गेलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतील, तर तो त्यांना घरभर शोधत बसणार नाही.

या वयात 'तीन महिन्यांनी' म्हणजे किती, ते कळत नाही. 'गणपती जातील, दिवाळी होईल, मग येतील' हे कळतं. मात्र ठरावीक तारीख सांगू नका. रजा ऐनवेळी रद्द होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंथरुणावरून रागावू नका. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर बऱ्याचदा त्यामागे ताण असतो. पण लघवीचा संसर्गही असू शकतो. म्हणून आधी लघवी तपासून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त हवालदार. मुलगा काश्मीरमध्ये, नातू दहा वर्षांचा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना घरात दिवसभर टीव्ही लावलेला असायचा. पोरगा एकदाही रडला नाही. 'वाघाचा बच्चा' म्हणून आम्हाला अभिमान वाटायचा. पण तेव्हापासून शाळेतून मारामारीच्या तक्रारी येतात आणि सोमवारी सकाळी हमखास पोट दुखतं.

काका, तो घाबरलेला आहे. घरात रडायला जागा नाही, म्हणून ती भीती मुठीतून आणि पोटातून बाहेर पडतेय. त्या दिवसांत वाहिन्यांनी कार्यक्रमांत सायरन इतके वाजवले, की ते आवाज वापरू नका असं सरकारला त्यांना सांगावं लागलं. मोठ्यांची झोप उडाली होती, तिथे दहा वर्षांच्या पोराचं काय? इथून पुढे बातम्या दिवसातून एकदाच, तुम्ही शेजारी बसून बघायच्या. मग टीव्ही बंद.

'आता घरातला कर्ता तूच' असं येणारे-जाणारे त्याला म्हणत असतील, तर त्यांना थांबवा. हे ओझं त्याचं नाही.

तुमच्या घरात असं एक माणूस आहे जे शहरातल्या कुठल्याही समुपदेशकाकडे नसतं, आणि ते तुम्ही आहात. ड्युटीवर तुम्हाला कधी भीती वाटली, तेव्हा काय केलंत, शेजारचा जवान काय म्हणाला, हे त्याला सांगा. वर्दीतला माणूसही घाबरतो हे तुमच्या तोंडून ऐकलं, की तो बोलायला लागेल. "बाबांना काही झालं तर?" असं त्याने विचारलं तर 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नका. "त्यांचं काम धोक्याचं आहे. त्यासाठी त्यांनी शिक्षण घेतलंय आणि सोबत त्यांचे सहकारी आहेत. मलाही काळजी वाटते," असं खरं ते सांगा.

प्रश्न : मी नववीत आहे. पठाणकोट, जबलपूर, बेळगाव आणि आता पुणे. दर वेळी मैत्रिणी होतात आणि सुटतात. या वेळी मैत्रीच करायची नाही असं ठरवलंय. आई म्हणते, तुला तर सवय आहे.

तुझा राग रास्त आहे. सवय झाली म्हणून दुःख कमी होतंच असं नाही, हे आईला याच शब्दांत सांग. जुन्यांपैकी दोघींशी घट्ट संबंध ठेव. सगळ्यांशी ठेवायला गेलीस तर दमशील. नव्या वर्गात मैत्रीचं नंतर बघू, आधी खेळ, एनसीसी, चित्रकला असं एखादं काम धर. आणि तुझ्या आईबाबांसाठी : पुढचं वर्ष दहावीचं आहे. मुलांच्या बोर्डाच्या वर्षात क्वार्टर राखून ठेवता येतं का, हे बाबांनी युनिटमध्ये आत्ताच विचारावं.

प्रश्न : सुट्टीवर आलो की मुलगी सगळं आईलाच विचारते. मी ओरडलो तर म्हणते, 'तुम्ही परत जा.'

दादा, हे मनाला लागतं. पण तुम्ही नसताना त्या दोघींनी घर चालवलंय, त्यांची घडी बसलेली आहे. पहिला आठवडा नवे नियम नकोत. शाळेत सोडणं हे एकच काम रोज तुमचं ठेवा आणि ते चुकवू नका. बाकीचं ती आपणहून तुमच्या हाती देईल.

प्रश्न : डॉक्टरकडे कधी जायचं? (हे अनेकांनी विचारलंय.)

झोप, जेवण किंवा शाळा दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर. मूल मरणाची भाषा बोललं, तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये टेली-मानसचा वेगळा कक्षही सुरू झाला. नवऱ्याला फील्डवर काळजी नको म्हणून पुष्कळ जणी एकट्याच सोसत राहतात. त्यांना सगळं सांगायचं की नाही ते नंतर ठरवा, फोन आधी लावा.