माळवदाचं ओझं उतरवा, भिंत बांधून घ्या

प्रश्न : आमचं घर वसमत तालुक्यात आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दगड-मातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. १० जुलै २०२४ ला सकाळी धक्का बसला तेव्हा आम्ही सगळे अंगणात पळालो. मागच्या कोपऱ्यात वरपासून उभी भेग पडलीय आणि तिथली भिंत बाहेरून फुगलीय. गवंडी म्हणतो, माळवद काढून याच भिंतींवर स्लॅब टाकू. मालक म्हणतात, पाडून नवं बांधू. पण तेवढा पैसा आज हातात नाही. सासूबाई आतल्याच खोलीत निजतात. काय करावं?
– एक भगिनी, जि. हिंगोली

उत्तर : ताई, आधी स्लॅबचं सांगतो. त्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. गवंडी कितीही भरवशाचा असला तरी नाही. मातीत रचलेली भिंत आधीच फुगलीय, तिच्या डोक्यावर आणखी वजन म्हणजे घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ.

१९९३ ला मी कनिष्ठ अभियंता होतो. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावं गणपती बोळवून दमून झोपलेली. भूकंप ६.२ चा. याहून मोठे भूकंप कितीतरी ठिकाणी कमी जीवितहानीत निभावले आहेत; इथं सुमारे दहा हजार माणसं गेली. दोन-तीन दिवसांनी मी सास्तूरला पोचलो. एका वाड्याच्या भिंती भुईला मिळाल्या होत्या आणि मधोमध सागवानी खांबांवर माळवद तसंच उभं होतं. खांबाच्या खुंटीला कुणाची तरी टोपी अडकवलेली होती. त्याला लागूनच्या घरात खांब नव्हते, तुळया थेट भिंतीत रोवलेल्या. तिथं फक्त ढीग होता. तो खांब आणि तो ढीग मी आजवर विसरलो नाही. म्हणून तुमच्या घरात पहिल्यांदा हेच बघा : माळवद खांबांवर आहे की भिंतींवर? खांबांवर असेल तर निम्मी लढाई तुमच्या आजेसासऱ्यांनीच जिंकून ठेवलीय.

आता वजन. आपल्याकडे माळवद गळायला लागलं की दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकतात. जुनी कुणी काढत नाही. चाळीस वर्षांत थर दीड-दोन फुटांवर जातो. दहा बाय पंधराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साधारण दहा टन. सासूबाई रोज त्या दहा टनांखाली निजतात, ताई. ही माती उतरवायला इंजिनिअर लागत नाही, घमेली आणि घरची माणसं लागतात. आधी तुळयांना खालून टेकू द्या. मग सगळीकडून सारखी उतरवा, एका बाजूला ढीग करू नका. शेवटी एका वितीपेक्षा जास्त ठेवू नका आणि मधे जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, म्हणजे गळतीसाठी पुन्हा माती चढवायची वेळ येणार नाही. एवढं एक काम या उन्हाळ्यात झालं तरी मला पुष्कळ वाटेल.

भिंत का फुगते तेही समजून घ्या. ती एक भिंत दिसते, पण असतात दोन. आतून एक दगडी पापुद्रा, बाहेरून एक, आणि मधल्या पोटात गोटे नि माती. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे एकमेकांना सोडतात. त्यांना शिवणारा आरपार दगड जुन्या गवंड्यांनी सगळीकडे घातलाच असं नाही. तो आपण आता घालू शकतो. साधारण एक-एक मीटरवर, आडवंउभं, ओळी एकाखाली एक न येऊ देता, भिंतीत आरपार भोक करायचं. घण मारायचा नाही, पहारीनं एकेक दगड हलक्या हातानं सुटा करायचा. आत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. मग दारं-खिडक्यांच्या वर, घराला करदोडा बांधावा तसा, आतून-बाहेरून वेल्डमेश जाळीचा पट्टा सिमेंटनं बसवायचा. पट्टा कोपऱ्यात तुटला तर घातला न घातला सारखाच. फुगलेला तुकडा मात्र वाचणार नाही. तेवढा टेकू देऊन उतरवा आणि लांब दगड घालून नव्यानं रचा. भिंतीचं हे काम माहीतगार अभियंत्याला जागेवर आणूनच करा.

पाडून नवं बांधायचं ते पैसा येईल तेव्हा बांधा. तोवर हे घर माणसं सांभाळेल. 'आपल्याकडे साडेचारच्या वर जात नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २१ मार्च २०२४ चा धक्का ४.५ चा होता, जुलैचाही तेवढाच. त्यावरून पुढचा ठरत नाही. १९९३ च्या आधीच्या नकाशात किल्लारीसुद्धा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. तो पट्टा २००२ ला बदलला, गावं गेल्यावर.

सासूबाईंची खाट आजच हलवा. अंगणात लोखंडी अँगलवरचं पत्र्याचं शेड असेल तर तिथं. त्या 'माझी खोली' म्हणून अडून बसतील, समजावून सांगा. आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवले असतील, ठेवलेले असतातच, तर खाट टाकायच्या आधी ते सगळे खाली उतरवा आणि पत्रे हुकांनी आवळून घ्या.