माझ्या पाठीमागे मुलांचं पटेल ना?

हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील मला सतत भेटतात. त्यांतल्याच एका निवृत्त काकांची ही गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. दोन मुलगे, दोन सुना, एकच फ्लॅट. काका थोरल्या सुनेला हळूच विचारायचे, "धाकटी कामाला हात लावते ना?" धाकट्याला विचारायचे, "दादा घरखर्चाचे पैसे वेळेवर देतो का?"

"ठिणगी कुठे आहे ते मला आधी कळायला हवं," त्यांचं म्हणणं.

मी त्यांना 'अकाली' नावाच्या तराफ्यावरच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९७३ साली मानववंशशास्त्रज्ञ सांतियागो हेनोवेस दहा अनोळखी माणसांना घेऊन कॅनरी बेटांवरून मेक्सिकोला निघाले. १०१ दिवस अटलांटिकवर, आडोसा जवळजवळ नाहीच. हिंसा कशी पेटते ते त्यांना पाहायचं होतं. म्हणून महत्त्वाची कामं मुद्दाम बायकांकडे दिली. कप्तान होत्या स्वीडनच्या मारिया ब्योर्नस्टाम. तरी कुणी भांडेना. मग हेनोवेस यांनी प्रश्नावल्यांतली खासगी उत्तरं सगळ्यांसमोर वाचून दाखवली, कप्तानपदही स्वतःकडे घेतलं. शेवटी राग पेटला तो त्यांच्यावरच. त्यांना संपवावं, असंही काहींच्या मनात येऊन गेलं होतं.

"मग ठिणगी सापडली का त्याला?"

"तुम्हाला काय वाटतं, काका?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तोच होता की हो." आणि मग, अगदी हळू, "घरात रोज परीक्षा चालू आहे. पेपर मी काढतोय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं असतं, तर ते निष्फळ ठरलं असतं. घर म्हणजे नात्यांची वीण, आणि पाहणाराही त्या विणीतच असतो, अशी माझी धारणा आहे. ती त्यांना स्वतःहून दिसली, याचं मला समाधान आहे.

पुढचं काम साधं, पण जड. एकाबद्दल दुसऱ्याला विचारायचं नाही. तक्रार आली तर "तिच्याशीच बोल" म्हणायचं. इच्छापत्र करून सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं. एकदा स्वयंपाकघरात दोघी सुनांचा आवाज चढला, काका बाल्कनीतून उठले नाहीत. "फार जड गेलं हो," म्हणाले. संध्याकाळी दोघींनी मिळून भाजी निवडली.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र असं गप्प बसू नका. तिथे लगेच मदत घ्या.