अपराधपट, गुन्हेपट, रहस्यपट, थरारपट

इंदूरच्या एका विद्यार्थी गटाचा प्रश्न असा: ‘आम्ही वीस मिनिटांचा मराठी लघुपट करतोय. रात्री सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं पडतात, ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात, त्या गर्दीत दागिन्यांची पिशवी नाहीशी होते. उचलणारा मुलगा पहिल्याच दृश्यात दिसतो. संहितेवर प्रकार काय लिहावा? अपराधपट, रोमांचपट की रहस्यपट? की सगळं एकच? आणि सस्पेन्सला मराठीत काय म्हणतात?’

सगळं एकच नाही, आणि पहिला शब्द तर बदलाच. हिंदीत ‘अपराध’ कायद्याचा शब्द आहे. मराठीत तो मनाचा, नात्यातला, देवापुढचा. आपण ‘अपराध पोटात घाला’ म्हणतो, एखाद्याला ‘अपराधी वाटतं’. ठाण्यात मात्र गुन्हा दाखल होतो. फारसीतला ‘गुनाह’ हिंदी-उर्दूत पापाकडे झुकला, आणि तोच मराठीत ‘गुन्हा’ होऊन पोलिसांच्या दप्तरात जाऊन बसला. दोन शेजारभाषांनी एकाच जोडीतले शब्द असे उलटे वाटून घेतले आहेत, आणि मला ही वाटणी फार मोलाची वाटते. इंदुरात दिवसभर हिंदी कानावर पडते, त्यामुळे सरमिसळ होणं स्वाभाविक आहे. पण ‘अपराधपट’ वाचून मराठी प्रेक्षक मनाला टोचणी लागलेल्या माणसाची गोष्ट बघायला येईल. चोरी, तपास, पकड दाखवायची असेल तर ‘गुन्हेपट’ म्हणा. ‘गुन्हेगारीपट’ही छापून येतो, पण गुन्हेगारी म्हटलं की टोळ्या, धंदा, वर्षानुवर्षं चाललेलं एक जग डोळ्यांपुढे येतं. एका पिशवीला तो शब्द सैल होईल.

‘रोमांचपट’चंही तेच. हिंदीत थरारक चित्रपटाला सर्रास रोमांचक म्हणतात. मराठीत रोमांच आनंदानेही उभे राहतात, स्पर्शाने, गाण्याने, देवदर्शनानेही. भीतीने अंग कापतं ते थरथरणं, आणि ‘थरार’ तिथलाच. म्हणून थरारपट.

आता खरा फरक: रहस्य आणि थरार. संस्कृतात ‘रहस्’ म्हणजे एकांत. जे एकांतात घडलं, कुणाच्या डोळ्यांसमोर घडलं नाही, ते रहस्य. म्हणजे रहस्यपटाचा प्रश्न मागे बघतो: काय झालं, कोणी केलं? थरारपटाचा प्रश्न पुढे बघतो: आता काय होईल? तुमचाच प्रसंग घ्या. कॅमेरा भुट्ट्याच्या किसाच्या कढईवर आहे, तो परत वळतो तेव्हा पिशवी नाही, आणि भोवतीच्या पाच चेहऱ्यांपैकी कुणाचाही हात असू शकतो: हा रहस्यपट. मुलाने पिशवी जिलबीवाल्याच्या पाटाखाली सरकवलेली आपण पाहिली आहे, आणि जिलबीवाला दुकान आवरायला लागला आहे: हा थरारपट. त्या मुलाला पिशवी का उचलावीशी वाटली आणि त्यानंतर त्याच्या घरात काय झालं, यावर सगळा भर असेल तर गुन्हेपट.

थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हेच टेबलाखालच्या बॉम्बवरून सांगितलं होतं. माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर त्याच गप्पा पंधरा मिनिटं त्याला छळतात. या छळाला हिचकॉक सस्पेन्स म्हणत होता. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी टांगून ठेवणं आहे, आणि आपल्याकडे ‘जीव टांगणीला लागणे’ तयारच आहे. तरी संहितेत ‘टांगणी’ एकटा उभा राहणार नाही. तिथे ‘उत्कंठा’ चांगला. मान उंचावून बघणं, असा त्याचा मूळ अर्थ. सराफ्याच्या गर्दीत टाचा उंचावून बघणाऱ्याला तो नेमका लागू पडतो.

मराठीत मात्र ‘सस्पेन्स’ हा शब्द रहस्यालाच चिकटला आहे. ‘सस्पेन्स फोडू नकोस’ म्हणताना आपल्याला गुपित म्हणायचं असतं, उत्कंठा नव्हे. गटात काम वाटताना हे आधीच बोलून घ्या, नाहीतर लेखक एक समजेल आणि संकलक दुसरंच.

रहस्यपटाचा एक संकेत कडक आहे: प्रेक्षकाशी खोटं खेळायचं नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्री-लेखकाने 1929 मध्ये गुप्तहेरकथांसाठी दहा नियम मांडले. पहिलाच नियम असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला हवा. शेवटी कुठून तरी उपटलेला नको. तपास करणाऱ्याला मिळालेले धागेदोरे वाचकालाही दिसले पाहिजेत, हेही त्यात आहे. मुद्दाम भलत्या माणसावर संशय वळवण्याला मात्र मुभा असते. त्याला इंग्रजीतून उसना शब्द आणायची गरज नाही, आपला ‘चकवा’ आहे. रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरत राहतो तो चकवा. प्रेक्षकाचंही तसंच व्हायला हवं.

नुसता प्रश्न असला म्हणून रहस्यपट होत नाही. ‘सामना’ या मराठी चित्रपटात ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा सवाल सारखा घुमतो, तरी त्याला कुणी रहस्यपट म्हणत नाही. तिथे उकल शोधण्याची मौज नाही. प्रश्न विचारला गेल्याने सत्ता हादरते, ते पाहायचं असतं.

संवादांबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. गोष्ट इंदूरची आहे, तर पात्रांच्या मराठीत पुणे-मुंबईचे ‘पीआय’ आणि ‘हवालदार’ आणू नका. इथली मराठी माणसं ठाण्याच्या प्रमुखाला ‘टीआय (टाउन इन्स्पेक्टर) साहेब’च म्हणतात, आणि हवालदाराच्या जागी ‘प्रधान आरक्षक’ असतो. पुढे खून घालणार असाल तर कलमही बघा: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाचं कलम तिथे 103 आहे. त्यानंतरच्या घटनेत वकिलाच्या तोंडी ‘तीनशे दोन’ चालणार नाही. म्हाताऱ्या आजोबांच्या तोंडी खुशाल राहू द्या.

तुमच्या संहितेत चोर पहिल्याच दृश्यात दिसतो, तेव्हा प्रकारासमोर ‘थरारपट’ लिहा. ‘रहस्य’ हा शब्द पोस्टरवरही नको, कारण तो वाचून आलेला प्रेक्षक वीस मिनिटं दुसराच चोर शोधत बसेल.