पाऊस आहे म्हणून चातक चुकवू नकोस

हवामान बिघडलं म्हणून रविवारचा पक्षी बघायला जायचा बेत रद्द करतोयस, असं कळलं. करू नकोस. मे अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा, वळवाच्या सरी आणि ढगाळ आभाळ, हेच तर चातकाचे दिवस. आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून तो मोसमी वाऱ्यांसोबतच आपल्याकडे पोहोचतो.

सासवड-जेजुरीकडच्या माळावर जा. पाऊस पडत असताना वणवण करू नकोस, पक्षीही दडलेले असतात. खरी वेळ सर थांबल्यानंतरची. तेव्हा बाभळीचे आणि बोरीचे शेंडे नीट तपास. भिजलेला चातक पंख सैल सोडून उघड्यावर बसतो. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर टोकदार तुरा. उडाला की पंखावरचा पांढरा पट्टा चमकतो. मग तो खाली उतरून केसाळ सुरवंट उचलतो आणि चोचीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून आतली घाण काढून मगच गिळतो. हे एकदा तरी बघच!

सातभाई पक्ष्यांच्या थव्याने कल्लोळ केला, तर तिकडे वळ. चातकाची मादी त्यांच्याच घरट्यात अंडी घालते. मात्र घरटं शोधायला झुडपात शिरू नकोस.

दुर्बिणीची काच शर्टाला पुसू नकोस. आधी फुंकून धूळ उडव, मग मऊ कापड. आणि वीज कडाडली की झाडाखाली थांबायचं नाही, सरळ गाडीत बसायचं. यात हयगय केलेली मला चालणार नाही.